जीएसटी गेला, हप्ता तिथंच! आईबाबांच्या आरोग्यविम्याचं करायचं काय?

रानजाई | रविवार, रात्री १०:४८

आईबाबांच्या फॅमिली फ्लोटरच्या (दोघांत मिळून एकच आरोग्यविमा) नूतनीकरणाचा मेल आलाय आणि मी दोन तास एक्सेल उघडून बसलेय. आधी आकडे टाकते, मग रडगाणं.

गेल्या वर्षी: मूळ हप्ता ६१,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,०५२. भरले ७२,४५२.
या वर्षी: मूळ हप्ता ७१,९००, जीएसटी शून्य. भरायचे ७१,९००.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी उठला म्हणून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले होते. माझ्या वाट्याचा पेढा साडेपाचशे रुपयांचा निघाला.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅडम, आम्ही दर वाढवलेच नाहीयेत, सरांचा वयाचा टप्पा बदललाय." बाबांना ७१ लागलं. फ्लोटरमध्ये घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाचं वय धरतात, त्यामुळे आई ६७ ची असली तरी हिशेबात तीही ७१ ची. तिला सांगितलं तर तिचा रक्तदाब वाढेल, आणि तो आधीच आहे.

संरक्षण दोघांत मिळून ५ लाख. बाबांची २०१९ साली अँजिओप्लास्टी झालीय. धाकटा भाऊ बंगळुरूहून म्हणतो, "सोडून दे पॉलिसी, दरवर्षी ७२ हजारांची एफडी कर." मला धीर होत नाही. तुम्ही लोक काय करताय?

हिशेबनीस | रविवार, रात्री ११:३०

रानजाई, एका सरकारी विमा कंपनीत ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय, तेव्हा थोडं आतलं सांगतो.

जीएसटी उठला हे खरं, पण तो 'माफ' झालाय. कर माफ झाला की कंपनीला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर यांवर कंपनी जो जीएसटी भरते तो पूर्वी वळता करून घेता यायचा. आता तो तिच्या खर्चात बसतो. तो कुठून निघणार? हप्त्यातून, नाहीतर कमिशन कापून. तुमचा प्रकार मात्र त्यातला नाही. तुमची वाढ १७ टक्क्यांची आहे आणि ती टप्प्याचीच दिसते.

जाता जाता, हा कर उठवा म्हणून नितीन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, त्याच्या मुळाशी आमच्या नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेचं निवेदन होतं. वर्षभर दिल्लीत मंत्रिगट बसला, तेव्हा कुठे हलवलं. म्हणून थोडा अभिमान बाळगू द्या.

आता कामाचं. ३० जानेवारी २०२५ ला विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना बजावलंय की ६० वर्षांपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. 'टप्पा बदलला' ही पळवाट त्यात बसते की नाही, हे कंपनीला लेखी विचारा. फोनवर नको. फोनवरची गोड मुलगी उद्या दुसऱ्या कंपनीत असेल.

ढगफुटी | सोमवार, सकाळी ७:१२

भावाला अनुमोदन. साधा हिशेब आहे. ७२ हजार दरवर्षी ७ टक्क्यांनी ठेवले तर १० वर्षांत १० लाखांवर जातात. तेवढ्यात कंपनी तुमच्याकडून दुप्पट हप्ता घ्यायला लागलेली असेल आणि ऐन वेळी 'हे बसत नाही, ते बसत नाही' करेल. माझा ऑफिसचा ग्रुप विमा आहे, घरच्यांसाठी वेगळा फंड बाजूला टाकतो. कुणाच्या दारात उभं राहायची गरज नाही.

मु.पो.सांगोला | सोमवार, सकाळी ८:०५

ढगफुटी, १० वर्षांनी १० लाख होतील ओ. आजार तिसऱ्याच महिन्यात आला तर? त्याला काय सांगायचं, थांब जरा, एफडी पिकू दे?

ढगफुटी | सोमवार, सकाळी ८:२०

तेवढी जोखीम घ्यावी लागते. मी पूर्ण शून्यावर नाही, हाताशी ४ लाख आहेत.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ९:४०

ढगफुटी, तुमचं वय विचारत नाही, अंदाज आलाय.

विमा भिशीसारखा असतो. वीस जणींनी पैसे घालायचे, ज्या महिन्यात जिला गरज तिने उचलायचे. 'मला कधीच लागत नाही' म्हणून तरुण, धडधाकट सुना बाहेर पडल्या आणि मागे फक्त गुडघे दुखणाऱ्या सासवा उरल्या, तर भिशीचा हप्ता वाढणारच. मग उरलेल्यांतल्या जरा बऱ्या तब्येतीच्या तेवढ्या सोडून जातात आणि हप्ता पुन्हा वाढतो. १९८६ मध्ये आपल्याकडे मेडिक्लेम आलं तेव्हापासून हे दुखणं आहे. तुमच्या पिढीने ऑफिसच्या ग्रुप विम्यावर विसंबायचं, आईबापांना एफडीवर सोडायचं आणि मग हप्ते वाढले म्हणून ओरडायचं, याला काय म्हणावं?

बाय द वे, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के जीएसटी अजून आहे. तो कंपनी भरते म्हणून तुम्हाला दिसत नाही, इतकंच.

पलीकडचीरेवा | सोमवार, सकाळी १०:१५

न्यू जर्सीहून. काकांची भिशी वाचून हसले आणि मग गप्प झाले, कारण इकडे नेमकं यावरच सरकार ४३ दिवस बंद पडलं होतं. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५. भांडण काय, तर ओबामाकेअरच्या, म्हणजे २०१० च्या आरोग्यविमा कायद्याखालच्या, विम्यावर कोविडच्या काळात, २०२१ पासून, जी वाढीव सबसिडी चालू झाली ती २०२५ च्या डिसेंबरअखेर संपणार होती. ती वाढवायची की नाही. नवरा नोकरी सोडून स्वतःचं कन्सल्टिंग करतो, त्यामुळे आम्ही त्याच बाजारातून विमा घेतो. पुढच्या वर्षीचे आकडे बघून कालच जेवणाच्या टेबलावर भांडण झालं.

पण एक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. २०१० च्या त्या कायद्यात तीन गोष्टी आहेत. एक, आधीपासूनचा आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही आणि त्यापायी जास्त हप्ताही लावता येत नाही. दोन, वय झालं म्हणून हप्ता तरुण माणसाच्या तिपटीपेक्षा वर नेता येत नाही. तीन, वैयक्तिक विम्यात हप्त्यातले किमान ८० टक्के लोकांच्या उपचारांवर आणि उपचारांच्या दर्जावर खर्च करायचे, नाहीतर उरलेले परत करायचे. आम्हाला एका वर्षी खरंच चेक आला होता. रक्कम हास्यास्पद होती, पण आला.

आणि ६५ ला मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, लागू होतं. ७१ व्या वर्षी टप्पा बदलला म्हणून रात्री एक्सेल उघडून बसलेली मुलगी इकडे बघितली नाही. बाकीच्या कारणांनी बसलेल्या पुष्कळ आहेत.

खडूसकाका | सोमवार, सकाळी १०:४०

अमेरिकेचं नका सांगू. अँब्युलन्स बोलवायच्या आधी लोक बिलाचा विचार करतात म्हणे तिथे. आणि सगळं फुकट पाहिजे तर कर कोण भरणार? पगारदारांनी भरायचे आणि बाकीच्यांनी योजना

(राजकीय पक्षांविषयीची पुढची दोन वाक्यं काढली आहेत. विषय धरून लिहा. - संपादक)

पलीकडचीरेवा | सोमवार, सकाळी १०:५५

करतात काका, खरं आहे ते. म्हणूनच 'आमच्यासारखं करा' असं मी कुठेही म्हटलं नाही. तो ८० टक्क्यांचा नियम तेवढा उचला म्हणतेय.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी १२:२०

रेवाताईंनी नेमकी जखमेवर बोट ठेवलं. नियामकाचा २०२३-२४ चा अहवाल बघा. हप्त्याच्या प्रमाणात दाव्यांवर गेलेली रक्कम सरकारी कंपन्यांत १०० च्या वर आहे, म्हणजे १०० रुपये घेतले आणि तेवढ्याहून जास्त वाटले. फक्त आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांत हाच आकडा ६५ च्या आसपास. बाकीचं कमिशन, जाहिरात, पगार, नफा. खर्चाची मर्यादा नियमानेच अशा कंपन्यांना ३५ टक्क्यांपर्यंत दिलीय. तिकडे ८० टक्के द्या म्हणून कायदा, इकडे ३५ टक्के ठेवा म्हणून मुभा.

त्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्यांचे ग्राहक तरुण आहेत, म्हणून दावे कमी. आमच्याकडे सगळे सासूबाई.

कंपाउंडर | सोमवार, रात्री ११:०५

दिवसभर ओपीडी, आता वाचलं. नाव कंपाउंडर असलं तरी मी सर्जन आहे, तालुक्याच्या गावी २२ खाटांचं हॉस्पिटल चालवतो. विमा कंपन्यांवर राग निघतोय तर निघू द्या, मी थोडं तूप ओततो.

कॅशलेसला (बिल थेट कंपनीने भरायचं, त्यासाठी) कंपनीचा माणूस आमच्याकडे येतो आणि म्हणतो, अपेंडिक्सचा आमचा दर हा, सही करा. कराल तर यादीत, नाहीतर पेशंट दुसरीकडे पाठवू. तो दर चार-पाच वर्षांपूर्वीचा. दरम्यान नर्सचे पगार, ऑक्सिजन, जैववैद्यकीय कचरा, फायर ऑडिट, लिफ्टचं लायसन सगळं वाढलं. पेशंटच्या मुलाला वाटतं डॉक्टर लुटतोय. कंपनीने ४० हजारांतले ३१ दिले, तेही दोन महिन्यांनी, हे त्याला दिसत नाही.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकात लिहिलंय की कॅशलेसची परवानगी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची. वाचून बरं वाटलं. माझ्या काउंटरवरच्या मुलीने वर पंख्याकडे बघितलं.

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत मी ५ वर्षं होतो, मग बाहेर पडलो. पॅकेज परवडत नव्हतं आणि पैसे यायला सहा-सहा महिने. उगाच देशसेवेची जाहिरात करत नाही. जमलं नाही, सोडली.

रांगेतलीएक | मंगळवार, सकाळी ६:५०

डॉक्टर, तुमच्या २२ खाटांबद्दल तक्रार नाही. पण चार दिवस सगळा धागा विम्यावर चाललाय आणि मूळ प्रश्न कुणी विचारत नाही: बिल एवढं का?

(चार नाही, दीड दिवस. रात्रपाळीचा परिणाम.)

मी रुग्णहक्कांचं काम करते. कोविडमध्ये, मे २०२० ला, याच राज्याने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले. साधा विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जास्त उकळणाऱ्यांच्या बिलांचं ऑडिट झालं, काहींना पैसे परत मिळाले. आभाळ कोसळलं नाही. साथ ओसरली आणि ते दरपत्रकही ओसरलं. २०१७ ला स्टेंटच्या, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात त्या नळीच्या, किमती बांधल्या. औषध लावलेला २९,६०० च्या आत आला, तेव्हाही हृदयरोगाचे दवाखाने बंद पडतील म्हणून ओरड होती. रानजाई, तुमच्या बाबांचा स्टेंट २०१९ चा, म्हणजे त्या मर्यादेतलाच. बिल काढून बघा.

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. महाराष्ट्राने तो अजून घेतलेला नाही. आपण अजूनही १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावर गाडी हाकतोय. त्याच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. तुमच्या गावातल्या एका तरी हॉस्पिटलात ते दरपत्रक दर्शनी लावलेलं बघितलंय का कुणी? मी बघितलंय. झेरॉक्सच्या मशीनमागे.

कंपाउंडर | मंगळवार, सकाळी ७:३०

माझ्याकडे जिन्यात आहे. फ्रेम करून.

पण ताई, ९,००० चा दर तुम्ही सांगितलात, त्यात पीपीई किट आणि महागडी औषधं धरली नव्हती, हे सांगायचं राहिलं. शिवाय सरकारी दर सगळ्यांना सारखा. पाचशे खाटांच्या कॉर्पोरेटला तो परवडतो, कारण तो सलाईन ट्रकभर घेतो. मी खोक्याने घेतो. दर बांधा, जरूर बांधा. आधी मरेल तो माझ्यासारखा. मग तालुक्याला एकच मोठं साखळी हॉस्पिटल उरेल आणि त्याच्या दरांशी तुम्ही भांडत बसा.

रांगेतलीएक | मंगळवार, सकाळी ८:१०

किट वेगळं होतं, मान्य. सांगायला हवं होतं.

दुसरा मुद्दा पटत नाही. शहर, गाव, खाटांची संख्या बघून दराचे थर करता येतात. २०२३ ला राजस्थानने आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा तिथले डॉक्टर दोन आठवड्यांच्या वर रस्त्यावर होते. त्यांची एक तक्रार मला आजही रास्त वाटते, की आणीबाणीत पैसे न घेता उपचार करा म्हणता तर सरकार भरपाई कधी आणि किती देणार ते आधी सांगा. म्हणजे बोलायला जागा आहे. तुम्ही 'दर नकोच' म्हणता, तिथे ती संपते.

कंपाउंडर | मंगळवार, सकाळी ८:१८

मी 'दर नकोच' म्हटलेलं नाही. वर वाचा. ओटीला जातोय.

मु.पो.सांगोला | मंगळवार, दुपारी १:३०

आमचं सांगतो. पिवळं रेशनकार्ड, ४ एकर डाळिंब, त्यातलं निम्मं तेल्या रोगानं गेलं. २०२२ ला आण्णांना छातीत कळ आली. तालुक्याच्या डॉक्टरनं ईसीजी बघून सांगितलं, सोलापूरला हलवा. तिथं दारातच फुले योजनेच्या आरोग्यमित्राचा टेबल. पोरगा भला होता. रेशनकार्ड, आधार घेतलं, फोटो काढला, म्हणाला काका बसा. दीड तासानं मंजुरी. अँजिओप्लास्टीला एक रुपाया दिला न्हाई.

आता दुसरी बाजू. मंजुरीच्या आधीच्या तपासण्या, बाहेरनं आणलेलं एक इंजेक्शन आणि 'हे योजनेत बसत नाही' म्हणून वरचं, सगळं मिळून १८ हजार गेलं. पावती फक्त ६ हजाराची. उरलेल्या १२ हजाराची पावती मागितली तर काउंटरवरचा म्हणाला, पेशंट बरा झाला ना? त्या वेळी खरंच तेवढंच महत्त्वाचं वाटलं, आणि मी गप बसलो.

तरी पण मी योजना वाईट म्हणणार न्हाई. ती नसती तर दीड-दोन लाखाला एक एकर गेला असता. डॉक्टरसाहेब बाहेर पडले, त्यांचंही कळतं. पण त्यांच्यासारखे सगळे बाहेर पडले तर आमच्या आण्णांनी सोलापूरपर्यंत दम धरायचा. धरला त्या दिवशी. दर वेळी धरतील असं न्हाई.

कंपाउंडर | मंगळवार, रात्री १०:५०

सांगोलाकर, याला उत्तर नाही माझ्याकडे.

रानजाई | मंगळवार, रात्री ११:२०

मी वाचतेय सगळं. एक शंका. आमचं कार्ड पांढरं आहे, म्हणजे फुले योजनेत आम्ही बसत नाही ना?

रांगेतलीएक | मंगळवार, रात्री ११:३५

बसता! १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून ही योजना सुरू झाली, तेव्हा फक्त गरिबांसाठी आणि दीड लाखापर्यंत होती, म्हणून मध्यमवर्गाच्या डोक्यात अजून तेच बसलंय. शिवाय बाबा सत्तरीपुढचे, त्यांचं केंद्राचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल. ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, खासगी विमा असला तरी चालतो.

आणि धर्मादाय रुग्णालयांत सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात ठेवायच्या असतात. तुमच्या घराला उत्पन्नाची अट आड येईल, पण कामवाल्या मावशींना सांगून ठेवा. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण मोफत.

ढगफुटी | बुधवार, सकाळी ७:४०

घ्या! मग ७२ हजार भरायचेच कशाला? फुकट ५ लाख आहेत की.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ९:१५

कारण ज्या हॉस्पिटलात बाबांचे हृदयाचे कागद आहेत, ते योजनेच्या यादीत आहे का, हे आधी बघायचं. यादीत असलं तरी त्या उपचारासाठी आहे का, हे वेगळं बघायचं. आणि त्या दिवशी खाट आहे का, हे देव बघतो.

रानजाई | बुधवार, रात्री ९:५०

काका, यादी बघितली. नाही ते हॉस्पिटल.

आता गेल्या वर्षीचा किस्सा सांगूनच टाकते, म्हणजे माझा जीव या पॉलिसीतही का रमत नाही ते कळेल. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा, विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. त्या दिवशी ५,००० ची खोली शिल्लक नव्हती. काउंटरवर म्हणाले, ८,००० ची घ्या, वरचे ३,००० तेवढे तुम्ही भरा. चार दिवसांचे १२ हजार. म्हटलं ठीक.

बिल झालं २ लाख ४० हजार. खोली ३२,०००. औषधं, जाळी, तपासण्या ९०,०००. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग मिळून १,१८,०००. कंपनीने खोलीचे २०,००० दिले. मग म्हणाली, तुम्ही वरच्या वर्गाची खोली घेतलीत, तेव्हा डॉक्टर आणि ओटीचे पैसेही त्याच प्रमाणात, पाचास आठ. १,१८,००० चे ७३,७५० झाले. ९०,००० मधून ग्लोव्हज, डायपर, कसली कसली 'किट' म्हणून ११,००० कापले. मिळाले १,७२,७५०. आम्ही भरले ६७,२५०.

खोलीपायी १२ हजार वरचे जाणार म्हणून निघालेले आम्ही ६७ हजार देऊन घरी आलो. बाबा रिक्षात एवढंच म्हणाले, "खिडकी छान होती पण."

कंपाउंडर | बुधवार, रात्री ११:१०

८,००० च्या खोलीतल्या पेशंटला ओटीचा दर मुळात जास्त लावलेला असतो, हे मी सर्जन असून सांगतो. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तेच टाके. खोलीच्या वर्गाप्रमाणे दर. कंपनीचं कलम त्यावरचा उतारा म्हणून आलं. पाप आमच्या धंद्याचं आहे, दंड पेशंटला.

रांगेतलीएक | बुधवार, रात्री ११:१५

हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.

कंपाउंडर | बुधवार, रात्री ११:१६

ठेवा. नाव मात्र कंपाउंडरच लावा.

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ८:३०

रानजाई, तीन गोष्टी.

पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवायचा, विचार असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज लागतो, तुमची ती मुदत गेली. शिवाय स्टेंट बघून नवी कंपनी 'विचार करून कळवतो' म्हणेल आणि कळवणार नाही.

फ्लोटर फोडून आईची वेगळी वैयक्तिक पॉलिसी मागा, जुन्या वर्षांचं सातत्य कायम ठेवून. तिला ६७ चाच हप्ता लागेल. दोघांची बेरीज कमी येईल असं नाही, पण ५ लाख वाटून घ्यावे लागणार नाहीत. आकडे मागवून तर बघा.

हर्नियाचा दावा कापल्याची तक्रार केली होती का? कंपनीच्या लेखी उत्तरानंतर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. प्रतिनिधीने मांडी ठोकून 'नियमाप्रमाणेच आहे' सांगितलं की माणसं गप्प बसतात, आणि कंपन्या त्यावर जगतात. मी त्या बाजूला बसलेलो आहे.

रानजाई | गुरुवार, रात्री १०:३०

तक्रार नव्हती केली. दावा कापल्याच्या पत्राला अकरा महिने झालेत. या रविवारी कागद काढते.

आज बाबांना घेऊन वय वंदना कार्डाला गेले होते. बोटांचे ठसे उठेनात. ३५ वर्षं छापखान्यात खिळे जुळवले त्यांनी, रेघाच गेल्यात. केंद्रातल्या मुलाने शेवटी चेहरा दाखवून केलं. "आजोबा, डोळे मिचकवा." बाबा दोन्ही डोळे गच्च मिटून बसले. तिसऱ्या खेपेला जमलं. कार्ड निघालं.

येताना विचारलं, आता हप्ता नको भरायचा का? तर म्हणाले, "कार्ड असू दे कपाटात. हप्ता भर." का, ते सांगितलं नाही.

हिशेबनीस | शुक्रवार, सकाळी ८:४५

मुदतीनंतर ३० दिवस सवलतीचे मिळतात, पण वार्षिक हप्ता असेल तर त्या दिवसांत काही झालं तर संरक्षण नसतं. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. १० टक्क्यांबद्दल लेखी विचारलंत त्याचं काय झालं?

रानजाई | शुक्रवार, रात्री ८:१५

उत्तर आलंय. जसंच्या तसं मराठीत देते: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, संबंधित विभाग १५ दिवसांत आपल्याशी संपर्क साधेल. आईच्या वेगळ्या पॉलिसीबद्दल एक अक्षर नाही.

मु.पो.सांगोला | शुक्रवार, रात्री ८:२२

१५ दिवसांत हप्त्याची तारीख निघून जातीय की.

रानजाई | शुक्रवार, रात्री ८:३०

मंगळवारीच आहे. भरला आज. ७१,९००.